आत्याची सीट

कॅप्टनला झोपाळ्यावर बसलं तरी गरगरतं. पार्कात नवीन लागलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट कोणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगतं आणि ऐकणारा हसतो, कारण कॅप्टन चालवतो ते ‘उड्डाण’. पार्कातला सगळ्यात उंच खेळ. रॉकेटच्या आकाराची, रांगांनी सीट लावलेली गाडी रुळांवरून जोरात सुटते, जवळजवळ सरळ उभी वर चढते, टोकाला पोचता पोचता तिचा वेग संपतो आणि ती तशीच उलटी खाली येते. वर, वेग संपायच्या वेळी, माणसं सीटवरून किंचित उचलली जातात. त्या क्षणाला बाहेरच्या बोर्डावर ‘अंतराळाचा अनुभव’ म्हटलंय. कॅप्टन त्याला ‘वरचा थांबा’ म्हणतो. तो स्वतः तिथे कधी गेलेला नाही. दुरुस्तीसाठी शिडीने जातो, तेव्हा त्याला काही होत नाही. बसून जायचं म्हटलं की पोट ढवळतं.

पार्कात येण्याआधी तो लिफ्टच्या कंपनीत होता. लिफ्टवाल्याला लोक अडकल्यावर देवासारखी हाक मारतात आणि सुटल्यावर ओळख देत नाहीत, असं तो सांगतो. इथे उलटं. इथे लोक रांग लावून अडकायला येतात.

पार्कात काम करून करून त्याचं एक मत झालंय. जाहिराती सांगतात की माणसं इथे थरारासाठी येतात. कॅप्टनला ते पटत नाही. त्याच्या केबिनच्या काचेतून दोन्ही फलाट दिसतात, चढायचा आणि उतरायचा. चढणारी माणसं गप्प असतात, विनोद करत असली तरी. उतरणारी मात्र एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकतात, चपला शोधतात, विनाकारण हसतात, मघाशी ज्याच्याशी भांडण झालं त्याला पाण्याची बाटली देतात. ‘वाचलो बुवा’ हा जो चेहरा आहे ना, तो आपण विकतो, असं त्याचं म्हणणं. शेजारी आता नवा खेळ आलाय. डोळ्यांवर मोठा चष्मा चढवायचा आणि खुर्चीत बसल्या बसल्या चंद्रावर जायचं. तिथेही लोक किंचाळतात. पण उतरताना त्यांचा चेहरा झोपेतून उठल्यासारखा असतो. कॅप्टनला त्या खेळाबद्दल राग नाही. उलट हेवा वाटतो. त्या खुर्चीतून कोणी पडत नाही.

पडण्याचा विषय कॅप्टनच्या डोक्यातून कधी जात नाही. उड्डाणच्या प्रत्येक सीटला खांद्यांवरून खाली येणारा एक जाड बार आहे आणि बारमध्ये लॉक. लॉक लागलं की केबिनमधल्या टेबलावर त्या सीटचा हिरवा दिवा लागतो. सीटवर माणूस आहे की नाही ते दिव्याला कळत नाही. बार बंद आहे, एवढंच कळतं.

रोज पार्क उघडण्याआधी एक फेरी करायची असते, तिच्यात माणसं नसतात. त्याऐवजी प्लास्टिकचे, पाणी भरलेले पुतळे बसवतात, साधारण माणसाच्या वजनाचे. या पुतळ्यांना पार्कात सगळे ‘नातेवाईक’ म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं ते कोणाला आठवत नाही, पण ‘नातेवाईक बसवले का?’ असं अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं जातं. पुढच्या रांगेत मामा, पोट सुटलेला, मार्करने काढलेल्या मिशांचा. त्याच्या शेजारी भावोजी, जे एका बाजूला कलतात. तिसऱ्या रांगेत कडेला आत्या. अंगाने भारी, ताठ बसणारी, आणि प्लास्टिकच्या घडीमुळे ओठ असे काही मिटलेले, की कोणाच्याही घरी गेल्यावर चहा उशिरा आला म्हणून रुसून बसली आहे असं वाटावं.

संध्याकाळच्या पाळीचा पैलवान पार्क बंद झाल्यावर या मंडळींना पाणी भरून सीटवर बसवतो आणि घरी जातो. पैलवान काठीसारखा बारीक आहे, हे सांगायला नको. सकाळी कॅप्टन येतो, सगळ्या रांगांमधून चालत जातो, प्रत्येक बार हाताने खेचून बघतो. याला तो ‘नातेवाईकांची विचारपूस’ म्हणतो. मग केबिनमध्ये जाऊन फेरी सोडतो. हिरवा दिवा असला तरी हात लावायचाच. हा नियम त्याचा स्वतःचा, आणि तो इतरांच्या कानीकपाळी ओरडून झालेला.

त्या सकाळी मात्र त्याने हात लावला नाही.

झालं असं, की त्या दिवशी त्याची ताई येणार होती. ताई त्याच्यापेक्षा बरीच मोठी. आई दिवसभर कामावर असायची, त्यामुळे कॅप्टनला वाढवलं ते ताईनेच. पन्नाशी उलटलेल्या या माणसाला ती अजून ‘छोट्या’ म्हणते. तिला लहानपणी अंतराळात जायचं होतं. गेली टेलिफोन खात्यात. पण तिथे बोर्डावर बसून लोकांचे फोन जोडता जोडता तिने वाचनालयातली ग्रहताऱ्यांवरची एकूण एक पुस्तकं वाचून काढली. गच्चीत टॉर्च, लिंबू आणि चेंडू घेऊन छोट्याला ग्रहण कसं लागतं ते तिने शिकवलं. पृथ्वीभोवती फिरणारी माणसं तरंगतात, कारण ती सतत पडतच असतात, फक्त जमिनीला लागत नाहीत, हे तिने त्याला सांगितलं तेव्हा तो घाबरून रात्री तिच्या अंथरुणात येऊन झोपला होता.

भाऊ अंतराळाच्या खेळावर काम करतो याचं तिला कौतुक होतं, पण आजवर ती आली नव्हती. आधी नोकरी, मग सासूचं आजारपण, मग गुडघे. गुडघ्यांनी तर तिला घरात कोंडलं होतं. दोन जिने उतरायचे म्हणजे तिला पुढच्या आठवड्याचा विचार करावा लागे. शेवटी डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, बसा हवं तर. तिने त्याच संध्याकाळी फोन केला. “छोट्या, वर नेणार का मला?”

“नेतो की. पहिल्या फेरीत नेतो.”

तर सकाळी कॅप्टन फलाटावर पोचतोय तोच तिचा फोन. “मी आलेय गेटवर. हा तुझा माणूस म्हणतो पार्क उघडलं नाही.”

“नाहीच उघडलं, ताई. अजून वेळ आहे.”

“मला काय माहीत? इथे बसायला काही नाही, आणि माझे गुडघे काही तुमच्या वेळापत्रकावर चालत नाहीत.”

त्याने फलाटाच्या टोकाकडून गाडीवर नजर टाकली. डोकी दिसली. केबिनमध्ये दिवे पाहिले, सगळे हिरवे. गेटवर जाऊन यायच्या आधी फेरी उरकून टाकू, म्हणून त्याने बटण दाबलं. गाडी गेली, वर थांबली, परत आली. नेहमीसारखीच. नातेवाईक उतरवायला तो खाली आला. मामा, भावोजी, मधल्या रांगेतल्या काकू. आणि तिसऱ्या रांगेत कडेची सीट रिकामी. बार खाली. लॉक बंद.

त्याने बार खेचला. हलला नाही. सीटखाली पाहिलं, फलाटाच्या फटीत पाहिलं. आत्या नव्हती.

फेरी सोडायच्या आधी ती होती का? तो आठवायला लागला. डोकी दिसली होती. पण डोकी दिसणं वेगळं आणि आत्याचं डोकं दिसणं वेगळं. रोज हात लागला की हाताला आठवतं. आज हाताला काहीच आठवत नव्हतं.

पैलवानाने बसवलीच नसेल, असं म्हणावं, तर लॉक बंद कसं? रिकाम्या सीटचा बार पैलवान बंद करत नाही. पैलवान स्वतःच्या डब्याचं झाकण बंद करत नाही. धूळ आणि दव लॉकमध्ये जातं म्हणून रिकामे बार खाली ठेवा, हे कॅप्टनने त्याला इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटी सांगणं सोडलं होतं. मग राहिली एकच शक्यता. आत्या बसलेली होती, लॉक लागलेलं होतं, आणि वरच्या थांब्यावर ती बंद बारच्या खालून निसटली. आणि तिसऱ्या रांगेतली लॉकं गेल्याच आठवड्यात कॅप्टनने खोलून, साफ करून, स्वतःच्या हाताने परत बसवली होती.

त्याने आधी मॅडमना फोन केला. मॅडम म्हणजे पार्कातले सगळे मोठे खेळ बघणाऱ्या मॅनेजर. धावत आल्या.

“बार बंद असताना माणूस निसटू शकतो?”

“नाही निसटू शकत.”

“मग?”

“मग आत्या कुठाय?”

मॅडमनी सीटकडे पाहिलं, वर रुळांकडे पाहिलं. “तुम्ही फेरीआधी बघितलं होतं ना?”

इथे ‘हो’ म्हणता आलं असतं. “नाही,” कॅप्टन म्हणाला. “दिवे बघितले. हात नाही लावला.”

मॅडमनी साखळी आणून रांगेच्या तोंडाशी लावली आणि ‘आज बंद’चा बोर्ड अडकवला. मग एकदम म्हणाल्या, “फोटो.”

वरच्या थांब्याशी एक कॅमेरा आहे. प्रत्येक फेरीत माणसांचे वेडेवाकडे चेहरे टिपतो आणि ते फोटो खाली विकले जातात. फोटोवाला अजून आला नव्हता, पण मॅडमना मशीन चालू करता येत होतं. फोटो होता. चांगला स्वच्छ होता. पहिल्या रांगेत मामा मिशांसकट ऐटीत, भावोजी कललेले, मागे काकू. तिसऱ्या रांगेची कडेची सीट बरोब्बर मामाच्या डोक्यामागे.

“या मामाला कोणी बसवलं पुढे?” मॅडम म्हणाल्या.

फलाटावरच्या कॅमेऱ्याचं तोंड रांगेकडे होतं, कारण भांडणं तिथे होतात. पैलवानाचा फोन बंद होता. सकाळी तो बंदच असतो. आता खाली जाऊन शोधणं एवढंच उरलं. रुळांखाली झुडपं आणि एक उथळ तळं आहे. पाण्याने भरलेला पुतळा एवढ्या उंचीवरून पडला तर फुटणार, जमीन ओली दिसणार, म्हणून कॅप्टन धावला. पण माळ्याने पहाटेच सगळ्या बागेला पाणी घातलेलं. जिकडेतिकडे ओलंच ओलं.

“तुमची कोण पडली म्हणालात?” माळ्याने विचारलं.

“आत्या.”

“पडली असती तर माझी शेवंती आडवी झाली असती. शेवंती उभी आहे.”

“तळ्यात बघ.”

झुडपांतून त्यांना टोप्या मिळाल्या, एक चप्पल, तीन वेगवेगळ्या माणसांचे चष्मे, आणि पानांखाली दातांची कवळी. कवळी हातात धरून माळी बराच वेळ विचार करत राहिला, की हिचा मालक शेवटी काय बोलला असेल. आत्या मिळाली नाही. तळ्यातही नाही. याने कॅप्टनला बरं वाटायला हवं होतं. पण रुळांच्या पलीकडे नाला होता आणि नाल्यावर दाट गवत, आणि तिथे उतरायला पार्काबाहेरून वळसा घालून जावं लागायचं.

या सगळ्यात ताई आठवली. गेटवरच्या माणसाने तिला कधीच आत घेऊन स्वतःच्या खुर्चीत बसवलं होतं. कॅप्टन गेला तेव्हा ती भिंतीवर रंगवलेले ग्रह बघत होती.

“छोट्या, तुमच्या मंगळावर पावसाळ्यासारखे दाट ढग कसले?”

“रंगाऱ्याला आवडले असतील. ताई, आज फेरी नाही.”

“का?”

“एक पुतळा सापडत नाहीये.”

“हरवला?”

“पडला असेल. वरून.”

ताईने चष्मा काढून पदराने पुसला आणि परत घातला. “लॉक सुटलं?”

“सुटलेलं नाही. बंद आहे. तेच तर.” मग, कशासाठी ते त्याचं त्यालाही कळलं नाही, पण त्याने सगळं सांगून टाकलं. फोन आला, घाई झाली, हात लावला नाही. ‘तुझा फोन आला’ असं तो म्हणाला नाही. ‘फोन आला’ म्हणाला. ताईला ते कळलं.

“म्हणजे आज मी बसले असते त्या गाडीत,” ती म्हणाली.

“तिसऱ्या रांगेत बसवणार होतो. कडेला. तिथून खालचं सगळं दिसतं.”

कॅप्टनला सारखं एकच चित्र दिसत होतं आणि ते आत्याचं नव्हतं. गाडी परत येते, तो खाली उतरतो, बार बंद आहे आणि सीट रिकामी आहे. लहानपणी ऐकलेलं त्याला आठवलं, ती माणसं सतत पडतच असतात, फक्त जमिनीला लागत नाहीत. इथे जमीन होती.

“वर कचरा फिरतो म्हणतात,” ताई शेवटी म्हणाली. “पृथ्वीभोवती. जुनी यानं, स्क्रू, रंगाचे पापुद्रे. शास्त्रज्ञ दिसेल त्या प्रत्येक तुकड्याचा माग ठेवतात. वस्तू नाहीशी होत नाही रे. कुठेतरी असतेच. तू नीट शोध.”

“शोधतोच आहे.”

“खाली शोधतोयस. ती खालीच गेली हे तुला कोणी सांगितलं?”

कॅप्टनला तिचा राग आला. गुडघे दुखणाऱ्या माणसाने खुर्चीत बसून असल्या गोष्टी सांगणं सोपं असतं. तो फलाटावर परतला. बाहेर गर्दी जमली होती, ‘आज बंद’ वाचून लोक मॅडमना घेरून विचारत होते, आणि मॅडम सगळ्यांना एकच उत्तर देत होत्या, तपासणी चालू आहे. कॅप्टनने हत्यारांच्या पेटीतून पाने काढून तिसऱ्या रांगेतलं लॉक उघडायला घेतलं. दात शाबूत होते. स्प्रिंग शाबूत होती. त्याने जसं बसवलं होतं तसंच होतं. चूक सापडली असती तर निदान कळलं असतं. काहीच चूक नाही आणि बाई नाही, याच्यापुढे हात टेकावेत अशी गत झाली.

इतक्यात गर्दीतून वाट काढत मास्तर आले. मास्तर म्हणजे पार्काच्या कपडेपटाचे शिंपी. मिरवणुकीतले राजे, अस्वलं, परग्रहावरची माणसं, सगळ्यांचे कपडे तेच शिवतात. गळ्यात टेप, ओठांत टाचणी आणि चेहरा तापलेला.

“पैलवान कुठाय?”

“सुटली त्याची पाळी. का?”

“त्याला सांगा, तुझी बाई घेऊन जा. माझ्या नव्या कापडावर गळतेय ती.”

पाना कॅप्टनच्या हातातून सुटून फलाटावर आदळला.

“कुठली बाई?”

“आता मी काय तिचं नाव विचारू? ती तुमची जाडी. मिरवणुकीत अंतराळवीर होणार आहेत ना, त्या बाईंच्या मापाचा, कपडे चढवून बघायचा एकही सांगाडा माझ्याकडे नाही. सगळे सांगाडे उपाशी. काल पैलवानाला म्हटलं, तुमच्यातली एखादी अंगाने भरलेली दे रात्रीपुरती. त्याने दिली. पाणी काढलं म्हणाला. कसलं काढलं? पोटात तसंच आहे.”

मॅडम खाली बसल्या. खुर्ची नव्हती, तर पायरीवरच बसल्या. कॅप्टन चालायला लागला आणि मग धावायला लागला.

कपडेपटात, शिलाई मशीनच्या शेजारी, आत्या स्टुलावर ताठ बसलेली होती. अंगात अर्धवट टाचलेला चंदेरी पोशाख, एक बाही नसलेला, आणि ओठ तसेच मिटलेले. खाली बादली लावली होती. कॅप्टनने तिच्या खांद्यावर हात ठेवला. थंड, ओला, घट्ट खांदा. त्याचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच कापडाच्या गठ्ठ्यावर टेकला आणि बराच वेळ उठलाच नाही. मागून आलेल्या मास्तरांनी टाचणी तोंडातून काढून त्याला पाणी दिलं आणि गठ्ठ्यावरून ऊठ असं एकदाही म्हटलं नाही. मास्तरांच्या बाबतीत ही मोठी गोष्ट होती.

लॉकचं कोडं पैलवानाने सोडवलं. फोन चालू झाल्यावर झोपेतल्या आवाजात तो म्हणाला, “हो, बंद केलं. रिकामा बार खाली ठेवा म्हणून तुम्हीच सांगता ना?”

“कधीपासून ऐकायला लागलास?”

“कालच. म्हटलं, आत्या नेतोय न विचारता, निदान बार तरी बंद करू. तुम्ही रागावू नये म्हणून.”

कॅप्टनला रागावायचं होतं. वाक्यंही तयार होती. पण तोंड उघडल्यावर हसू आलं आणि ते थांबेना. ते ऐकून पलीकडे पैलवान घाबरून सारखं “काय झालं, काय झालं” विचारत राहिला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. नातेवाईकांपैकी कोणालाही केबिनला कळवल्याशिवाय हलवायचं नाही. आणि फेरीआधी हात लावायचाच, दिवा काहीही सांगो. दुसरं कॅप्टनकडे बघून म्हणाल्या. मग उठून साडी झटकली आणि म्हणाल्या, “लॉक बसवा परत. पुन्हा फेरी करा. मी थांबते इथे.”

लॉक बसलं. आत्याला अर्ध्या पोशाखासकट परत आणून पाणी भरलं. मास्तरांनी बजावलं, टाचण्या मोजून दिल्यात, मोजून घेईन. कॅप्टन पहिल्या रांगेपासून निघाला. मामाचा बार खेचला, भावोजींचा, काकूंचा. आत्याचा खेचला. गाडी गेली, वर थांबली. उन्हात चंदेरी पोशाख चमकला. गाडी परत आली तेव्हा आत्या जागेवर होती आणि नेहमीइतकीच नाराज होती.

साखळी निघाली. पहिल्या फेरीत ताई, कठड्याला धरून एक एक पायरी चढत.

“कडेची कुठली?”

“ताई, मधली घे. मधली बरी.”

“खालचं दिसतं ते कडेला म्हणालास ना? मग आत्याचीच दे.”

तिने चष्मा काढून त्याच्या हातात दिला आणि बसली. त्याने बार खाली आणला. लॉक वाजलं. त्याने खेचून पाहिलं. परत खेचलं. परत.

“उपटून हातात येईल आता,” ताई म्हणाली. “जा, बस जाऊन तुझ्या खोलीत.”

केबिनमध्ये सगळे दिवे हिरवे होते. कॅप्टनने दिव्यांकडे पाहिलं, मग काचेतून माणसांकडे, मग बटण दाबलं. त्यानंतरचं सगळं नेहमीचंच. फक्त गाडी वर थांबली, तेव्हा त्याने टेबलाची कड धरली होती, आणि ती परत फलाटाला लागेपर्यंत सोडली नाही.

ताई उतरली तेव्हा तिचे केस विस्कटलेले होते. ती हसत नव्हती. चष्म्यासाठी तिने हात पुढे केला, चष्मा घातला आणि जरा वेळ आपल्या पायांकडे बघत उभी राहिली.

“काय झालं? दुखतंय?” कॅप्टनने विचारलं.

“वर गेल्यावर गेले ते,” ती म्हणाली. “गुडघे. एकदम गेले. दुखायचं थांबतं तसं नाही रे. मला गुडघे नव्हतेच. मी म्हटलं, अच्छा, असं असतं होय.” मग पायरी उतरताना तिने तोंड वाकडं केलं. “आले परत.”

“बस जरा. पाणी आणतो.”

“पाणी नको. परत जायचं तर रांग लावावी लागते का?”

“सगळ्यांनाच लागते.”

“मग लावते,” ताई म्हणाली आणि कठड्याला धरून चालायला लागली. दोन पावलांवर थांबून मागे वळली. “पण बसल्यावर हात लावून बघ हं. एकदा पुरे.”